दुसऱ्या कडव्यातला हुंदका

घशाच्या डॉक्टरांकडे आजी नंबरची वाट बघत बसल्या होत्या. रेडिओवर एका नामवंत गायिकाबाईंचं जुनं गाणं लागलं, तसं शेजारचं जोडपं सरसावून बसलं.

"ऐक हं," नवरा म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात बाईंना हुंदका येतो."

"माहितेय. रेकॉर्डिंगच्या आदल्याच दिवशी वडील गेले होते ना त्यांचे."

"वडील नव्हे गं. लग्न मोडलं होतं."

"काहीही सांगता. हा बघा, आला. काटा येतो अंगावर."

आजींना राहवेना. "ती उचकी आहे. माझी."

"तुमची?"

"कोरसमध्ये होते मी. सगळ्यांना मिळून माईक एकच, आणि बाविसावा टेक. वादक नुसते खाऊ की गिळू असे बघत होते माझ्याकडे. रेकॉर्डिस्ट म्हणाला, पुन्हा घेऊ. बाई म्हणाल्या, राहू दे, मला भूक लागलीय."

"अहो, पण कार्यक्रमातही त्या हुंदका द्यायच्या. मी स्वतः ऐकलाय."

"लोक सोडतायत होय त्याशिवाय? चाळीस वर्षं द्यावा लागला त्यांना. दर वेळी द्यायच्या, आणि मागे वळून माझ्याकडे डोळे वटारायच्या."