मेंबरांच्या दारातला थांबा

आमच्या साताऱ्याच्या पेठेतल्या मेंबरांइतका शहाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा स्टेशनला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चार पावलं चालायचं म्हटलं की मेंबरांच्या जिवावर यायचं. त्यांनी नगरपालिकेतलं वजन वापरून मोटारीचा थांबाच आपल्या दारात आणला. वर आम्हाला ऐकवलं, "लोकांची सोय केली!"

महिन्याभरात दारात चहावाला आला, पानवाला आला, टांगे आले. उतारू ओट्यावर पथारी पसरू लागले. ड्रायव्हर सकाळी कोळशाची भट्टी पेटवायचा आणि धूर थेट मेंबरांच्या माजघरात!

मेंबर खवळले. ड्रायव्हरला म्हणाले, "उद्यापासून गाडी वेशीपाशी लाव."

"लावतो की. पण सायब, माणसं हितंच येऊन बसत्यात, त्यास्नी कोण हलवणार?"

तसंच झालं. दोन दिवस वेशीपासून मोटार रिकामी गेली, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं ओट्याशी आली. मग मेंबरांनीच ते घर सोडलं आणि लांब माळावर नवं बांधलं.

पुढं एकदा मी मोटारीची वाट बघत त्या ओट्यावर बसलो होतो. माळावरून पायी, घामाघूम होऊन मेंबर आले आणि टेकले. शेजारी पाटणकडची एक म्हातारी गाठोडं घेऊन बसलेली. ती खेकसली, "आवं, सरकून बसा की! ओटा काय तुमच्या बापाचा हाय व्हय?"

मेंबर गुमान सरकले. ओटा त्यांच्या बापानंच बांधला होता.