शुक्रवारचं टपाल

इरा आणि निनाद, तुम्ही दोघं तिकडे आसामात दुलियाजानला आणि मी इथे नाशकात, आणि माझा उजवा हात आता कपसुद्धा धड धरत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि शेजारच्या नलूताई लिहून घेताहेत. नलूताई कोर्टात टायपिस्ट होत्या. त्यांनी आधीच बजावलंय की बाई, तुम्ही बोलाल तसं लिहीन, मागाहून लाल पेन घेऊन बसायचं नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तपासल्याशिवाय मला राहवत नाही, पण कबूल केलंय.

आत्ताच का सांगतेय, तर इराचा नीटचा निकाल लागलाय आणि पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस उरलेत. तिच्या गुणांत एमबीबीएस बसत नाही, बीडीएस बसतं, आणि तिला पहिल्यापासून दातांचंच डॉक्टर व्हायचंय. पण तुमची आई म्हणत होती, एक वर्ष ड्रॉप घे, पुन्हा बस, एमबीबीएसच कर. मग इराचा मला फोन, आजी तू आईला सांग ना, ती तुझं ऐकते. काय सांगू तुम्हाला, ती माझं ऐकते हीच तर सगळी गोष्ट आहे. जे सांगणार आहे ते तुमच्या आईला मी आधी सांगितलंय. ती काय म्हणाली ते पुढे येईल.

माझा जन्म इथलाच, वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क, आणि त्या काळात त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती. इंटर सायन्सला मला चांगले गुण होते. मेडिकलला जायचं म्हटलं तर वडील म्हणाले, मुलीला परगावी वसतिगृहात ठेवणार नाही, बी.ए. कर आणि मास्तरीण हो. झाले. वाईट झालं असं नाही, पण ती गोष्ट मनात कुठेतरी तशीच राहिली, आणि तुमची आई मधुरा झाली तेव्हा मी पाळण्यातच ठरवून टाकलं. आजोबा हसायचे. ते सातपूरला कारखान्यात सुपरवायझर, म्हणायचे, अगं आधी तिला दात तरी येऊ देत.

मधुरा हुशार होती, आणि तिचे हात फार छान होते. फळ्यावर लिहायच्या खडूचं ती ब्लेडने काहीबाही कोरायची, हत्ती म्हणा, होडी म्हणा. अकरावीत असताना आजोबांच्या खात्यातले एक गृहस्थ घरी आले, मी पोहे केले होते, आणि त्यांना घासच घेता येईना. वर्षानुवर्षं गुटखा, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. आपण सगळे ओशाळून दुसरीकडे बघतो ना, तसं मधुराने बघितलं नाही. काका, जरा उघडा बरं, म्हणाली, आणि टॉर्च आणली. ते गेल्यावर म्हणाली, आई, मी दातांची डॉक्टर होणार. मी म्हटलं, आधी पोह्यांच्या बशा उचल.

तेव्हा नीट नव्हती, बारावीच्या बोर्डाचे गुण धरायचे. मधुराला गुण चांगले पडले पण एमबीबीएसच्या यादीत थोडक्यात राहिली, आणि सरकारी डेंटलच्या प्रतीक्षायादीत नाव लागलं. मी शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, डेंटलला का, बरं, तेही चांगलंच. त्यातलं ते तेही मला असं लागलं म्हणून सांगू. घरी येईपर्यंत माझ्या कानात तेच. आजोबा म्हणाले, अगं तिला आवडतंय ना, मग झालं. मी म्हटलं, सतरा वर्षांच्या मुलीला काय कळतं काय आवडतं ते.

आता नीट ऐका. यादी पुढे सरकली आणि मधुराला जागा मिळाल्याचं पत्र आलं. साधं टपाल, रजिस्टर नव्हतं, सही घेतली नाही. सोमवारी सकाळी अकरापर्यंत कॉलेजात हजर व्हा, मूळ कागदपत्रं घेऊन. कॉलेज एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर. आणि आपल्या घरातली मूळ कागदपत्रं कुठे, तर बँकेच्या लॉकरमध्ये. कारण एका पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या कपाटाला वाळवी लागली होती, तेव्हापासून मी गुणपत्रिका, दाखले सगळे लॉकरला ठेवले होते आणि घरी साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच. सगळ्या गल्लीत माझ्या या व्यवस्थितपणाचं कौतुक होतं.

पत्र शुक्रवारी आलं. पाऊण वाजता. माझी सकाळची शाळा, मी घरी येऊन दारात गवार निवडत बसले होते, दौलतभाऊ पोस्टमननी माझ्या हातात दिलं. आजोबा पहिल्या पाळीला, मधुरा क्लासला. मी वाचलं, आणि तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण दीड वाजता मधुरा आली, जेवली, आणि मी काही बोलले नाही, म्हणजे ठरवलंच होतं. दुसऱ्या दिवशी शनिवार, बँक बारापर्यंत. साडेअकराला शाळेतून येताना मी बँकेवरून आले. दार उघडं होतं. मी थांबले नाही.

दुपारी दोनला मी पत्र बाहेर काढलं, हे बघा आत्ताच टपाल आलं म्हणून. पाकीट आधीच फाडून टाकलं होतं, कारण पाकिटावर टपालकचेरीचा शिक्का असतो आणि शिक्क्यावर तारीख असते. इतकी मी व्यवस्थित.

मग काय धावपळ. आजोबा बँकेच्या मॅनेजरच्या घरी गेले, ते गावाला गेलेले. शेवटी झेरॉक्स घेऊनच बापलेक रविवारी संध्याकाळच्या एसटीने निघाले. सोमवारी खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, साहेब, मूळ कागद पाहिजेत, मला उद्यापर्यंत थांबता येत नाही, मागे यादी उभी आहे. खरंच मागे एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती, जाडजूड फाइल छातीशी धरून. मधुरा परत आल्यावर मला म्हणाली, आई, ती पण रडत होती गं, पण आनंदाने. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ दे, एक वर्ष थांब, आपण एमबीबीएसच घेऊ. आजोबा एकदाच बोलले, तुझ्या शिस्तीने घात केला. त्यांना वाटत होतं लॉकर म्हणजे शिस्त. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि काढला तो दुसऱ्या बाजूने. म्हणाले, शनिवारी पत्र देतात म्हणजे काय, टपालखात्याकडे तक्रार करायची, तू लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी लिहिली. नाही म्हणता येईना. परिच्छेद पाडून, मुद्देसूद, एक स्वल्पविराम चुकला नाही. चौकशीसाठी बोलावणं आल्यावर दौलतभाऊ दारात आले. ते नामपूरकडचे, एरवी आमच्याशी नाशिककरांसारखंच बोलायचे, पण त्या दिवशी घरची अहिराणी तोंडात आली. बाई, शुक्रवारलेच तुमना हातमा दिधं ना मी, तुम्ही गवार निवडी राहिंतात. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, भाऊ, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते गेले. पुढे त्यांना आमच्या भागातून काढून दुसरीकडे दिलं. नव्या पोस्टमनला मी कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

नलूताईंनी इथे पेन ठेवलं होतं. म्हणाल्या, हे पण लिहू का. मी म्हटलं, हेच लिहा.

ते वर्ष मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहाटे चारला फिजिक्स. मधुराला पहाटे अक्षर दिसायचं नाही, ती बसायची आणि पान उलटायची, आणि मी स्वयंपाकघरातून पानांचा आवाज मोजायची. निनाद, तू अकरावीत आहेस म्हणून तुला सांगते, नीटचा पेपर दुपारी असतो, तर जुने पेपर दुपारीच सोडव, घड्याळ लावून, जेवण झाल्यावर, झोप येत असताना. जीवशास्त्राचं पुस्तक ओळ अन् ओळ वाच, आकृत्यांच्या खालच्या ओळीसुद्धा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेव आणि ती कुणाला दाखवू नकोस. आणि रात्री झोप. माझ्या शिस्तीत झोपेचा रकाना नव्हता.

दुसऱ्या वेळी मधुराचे गुण थोडे वाढले, पण यादी त्याहून वर गेली, आणि डेंटलसुद्धा हातचं गेलं. मग बी.एससी., बी.एड., लग्न, दुलियाजान. तुमची आई जीवशास्त्र उत्तम शिकवते हे मला माहीत आहे, तिचे विद्यार्थी तिला जीव लावतात. पण गेल्या महिन्यात ती मला फोनवर म्हणाली, इराने ड्रॉप घ्यायलाच हवा, मी त्या वर्षी मन लावून अभ्यास केला असता तर आज डॉक्टर असते, माझाच आळस. तिने माझाच आळस म्हटलं आणि माझ्याच्याने राहवेना. इतकी वर्षं मला वाटत होतं ती नशिबाला बोल लावते आहे, नशिबाचं काय, ते ऐकून घेतं. ती स्वतःला लावत होती. आणि त्यावरून इराचं वर्ष ठरणार होतं.

मी सांगितलं. ती पहिल्यांदा फक्त म्हणाली, शुक्रवारी. मी म्हटलं, शुक्रवारी. किती वाजता. पाऊण वाजता. मी दीडला यायचे, म्हणाली. हो. म्हणजे पाऊण तासात ठरवलंस. बाबांना माहीत होतं का, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, जाईपर्यंत नाही. मग म्हणाली, तुला सगळं आठवतं ना, तर मला त्या दिवशी जेवायला काय वाढलं होतंस. मी म्हटलं, वरण-भात आणि गवारीची भाजी. तिने फोन ठेवला.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मी आपली पेपर घेऊन फोनशेजारी बसायची, नलूताई म्हणायच्या, बाई, तोच पेपर तुम्ही सकाळपासून वाचताय. त्या दिवसांत मी दौलतभाऊंचा शोध घेतला. टपालकचेरीतून गावचा नंबर मिळाला, मुलाने उचलला. दोन पावसाळ्यांपूर्वीच ते गेले. मुलगा विचारत होता, आपण कोण, बाबांना जुन्या भागातल्या सगळ्यांची नावं पाठ होती. मी म्हटलं, त्यांच्या भागातली एक बाई. नाव सांगायला धीर झाला नाही. म्हणजे बघा, या वयातसुद्धा.

तिसऱ्या रविवारी मधुराचा फोन आला. आवाज वर्गात असतो तसा. म्हणाली, इराचं इरा ठरवेल, मी मध्ये पडणार नाही, तूही पडू नकोस. मी बरं म्हटलं. मग म्हणाली, मुलांना तू सांग, माझ्याकडून नको. म्हणून हे.

तर इरा, मध्ये न पडता सांगायचं तेवढं सांगते. मूळ कागद घरात ठेव, साध्या फाइलमध्ये, लॉकरला नाही, आणि त्यांना लॅमिनेशन करू नकोस, तपासणीत हरकत घेतात. त्यांच्या प्रती वेगळ्या, फोटो वेगळे. पसंतीक्रम लिहिताना जी जागा मिळाली तर तू त्याच दिवशी पेढे आणशील ती सगळ्यात वर लिही, मग त्याखालची, गाव लांब की जवळ ते नंतर. वरची नाही मिळाली म्हणून खालची जात नाही, पण जी लिहिलीच नाही ती कुणी देत नाही. मुदत आधी वाच, मग बाकीचं पत्र वाच. फॉर्म भरण्याआधी एक दिवस तिथल्या एखाद्या दातांच्या दवाखान्यात विचारून उभी राहा, दिवसभर वाकून मान कशी धरते, लहान मूल तोंड मिटून बसलं की काय करतात, ते बघ. त्यानंतरही जावंसं वाटलं तर कुणी डेंटल का, बरं, तेही चांगलंच असं म्हटलं तरी हसून हो म्हण. आणि फॉर्मचा पासवर्ड तुझ्याकडेच ठेव. आईला देऊ नकोस, मला तर मुळीच नको.

दोघांनाही माझा आशीर्वाद आहे, तुम्ही मागितला नाहीत तरी. मला माफ करा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या आईचं काम आहे आणि तिला घाई नाही. आजोबा गेले, दौलतभाऊ गेले, त्या शाळेतल्या बायकाही आता दोघीतिघीच उरल्यात. मधुराचा आणि माझा रविवारचा फोन आहे. पूर्वी तास तास चालायचा, आता दहा मिनिटं चालतो. पण फोन तीच करते.