म्हशीला कडबा नाही

दानाला अट असू नये, हे मी ज्या दिवशी शिकले, त्या दिवसाचे सांगते. दुष्काळात निपाणीला आम्ही जनावरांची छावणी चालवली होती. त्यासाठी मी बेळगावात मदत मागत फिरले. खडेबाजारातल्या एका शेटजींनी कडबा दिला, पण तो गाईंनाच घालायचा. म्हशीला घातल्याचे पुण्य लागत नाही, असे त्यांचे मत. मी शब्द दिला.

मग एक दिवस, छावणीत दुसरा चारा उरला नसताना, कोगनोळीचे एक आप्पा खंगलेली म्हैस घेऊन आले.

"हा कडबा गाईंच्याच नावाने दिलेला आहे," मी म्हणाले.

"व्हय बाई. पर नातीची आई गेली. पोर हिच्याच दुधावर हाय."

मी शब्द पाळला. छावणीच्या दारातच म्हैस कोसळली आणि गेली.

आप्पांनी तिच्या गळ्यातले दावे शांतपणे सोडले.

"बाई, नातीच्या नावानं कुणी काय दिलंय का, तेवढं बघा."