कुलिबाली आडनावाचं यंत्र आणि एका केइताची कबुली

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या पशु-आरोग्य फोनसेवेचे संचालक, माननीय लासिना सिसे साहेब. व्यासपीठावर बसलेले, दूरदेशाहून मुद्दाम आलेले पाहुणे श्रीमान हेंड्रिक. पहिल्या रांगेत खुर्ची असूनही तिच्या काठावर टेकलेले कोलोबुगूचे वयोवृद्ध शेतकरी सिरिमान केइता बाबा. सेगूतल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो. आणि, नाइलाजानं म्हणावं लागतं, आजच्या सत्कारमूर्ती, चवळीखाऊ नियेले कुलिबाली बाई!

हेंड्रिक साहेब, आपण दचकलात. दुभाष्याला दोष देऊ नका, मी तसंच म्हणालो. आमच्याकडे केइता आणि कुलिबाली यांचं थट्टेचं नातं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यांना चवळीखाऊ म्हणतो आणि ते आम्हाला त्यांच्या घरचे गडी म्हणतात. यात रागवायला परवानगी नाही. आणि या नात्याचा हवाला देऊन कुणी काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. हे दुसरं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. पण बाईंच्या फायलीत पाच वर्षांपासून एक ठपक्याचा कागद आहे. त्याच्यामुळे त्यांची बढती हुकली. तो कागद तिथे कसा गेला, हे सांगितल्याशिवाय मी, या सेवेचं यंत्र सांभाळणारा मोरीबा केइता, खाली बसणार नाही. सिसे साहेब, वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवलीत तरी नाही.

आता सुरुवातीपासून सांगतो. सहा वर्षांपूर्वी आपलं यंत्र आलं. त्यानं माणसांशी बोलून बोलून बांबारा शिकायचं, असं ठरलं होतं. दुसरा इलाज तरी काय होता? आपली भाषा कागदावर थोडी आणि तोंडात फार. लोक फोन करणार, आजारी गाईबैलांविषयी विचारणार, यंत्र उत्तर देणार. मग नियेलेबाई आणि त्यांच्या तीन सोबतिणी ते सगळं कान लावून ऐकणार आणि बरोबर की चूक अशी खूण करणार. त्या खुणांवरून आणि लोकांच्या बोलण्यावरून यंत्र सुधारणार. छान योजना होती. फक्त लोक बोलेनात.

का बोलेनात? कारण फोन उचलला की आपला माणूस पहिल्यांदा काय विचारतो? आडनाव! आणि यंत्र काय म्हणायचं? "मी यंत्र आहे. मला आडनाव नाही." एका आजीनं त्याला ऐकवलं होतं, "आडनाव नाही? मग तुला काय उकिरड्यावरून उचलून आणलं? माझी गाय मी असल्याच्या हवाली करू होय?" आणि फोन आपटला. दिवसाला अकरा फोन यायचे, त्यातले चार माझे स्वतःचे, चाचणीचे. तीन महिन्यांत आकडा वाढला नाही तर सेवा बंद, असं वरून कळलं होतं.

तेव्हा नियेलेबाई माझ्या टेबलाशी आल्या. मला म्हणाल्या, "अरे केइता, त्याला माझं आडनाव दे."

मी म्हणालो, "बाई, चांगलं चालतं यंत्र आहे. त्याला कशाला चवळी खायला लावता?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कुलिबालीची थट्टा कोण करत नाही? चिडवायला म्हणून तरी लोक फोन करतील."

आणि केले की हो! पंधरा दिवसांत दिवसाला तीनशे. "काय रे चवळीखाऊ, आज किती मडकी संपवलीस?" यंत्र बिचारं गंभीरपणे सांगायचं, "चवळी गुरांना आणि माणसांना पौष्टिक असते." पलीकडे सगळं अंगण हसायचं. पण ऐका, गंमत इथेच आहे. हसून झालं की लोक त्याला शिकवायचे. "अरे येड्या, असं नाही म्हणायचं. म्हणायचं, चवळी आमची पण मडकं चाटतोस तू!" आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुढच्या केइताला तेच ऐकवायचं. लोकांनी त्याला थट्टा शिकवली, थट्टेच्या मागोमाग विचारपूस, आणि विचारपुशीच्या मागोमाग गुरांच्या दुखण्याचे सगळे शब्द, जे आमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. बायका गाभण शेळीविषयी बोलू लागल्या. मला विचाराल तर ते यंत्र आम्ही नाही शिकवलं. ते या जिल्ह्यातल्या अंगणांनी वाढवलं.

आता माझ्यावर येतो. घसा कोरडा पडला आहे, जरा तो आल्याचा रस इकडे द्या.

तर मंडळी, दुसऱ्या वर्षी राजधानीहून, बामाकोहून, एक पत्र आलं. संभाषणांपैकी एक तृतीयांशांत अपशब्द आढळले, योग्य तो विचार व्हावा, एवढंच त्यात होतं. आठ दिवसांनी परदेशी तपासणी होती. माझी नोकरी कराराची, करार संपत आलेला, घरी जुळ्या मुली नुकत्याच झालेल्या. मी घाबरलो, आणि कुणालाही न विचारता अपशब्दांची यादी केली. यादीतला शब्द कानी पडला की यंत्रानं म्हणायचं, "कृपया सभ्य भाषा वापरा," आणि फोन ठेवायचा. यादीत पहिला शब्द कोणता होता? चवळीखाऊ. मी केइता, आणि माझ्या हातानं मी चवळीखाऊ हा शब्द शिव्यांत घातला! माझ्या आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी या सिरिमानबाबांचा बैल फुगला. पेरणीचे दिवस. नांगराला दोनच बैल, त्यातला हा मोठा. पहाटे ओला चारा खाल्लेला, पोट ढोलासारखं ताणलेलं. बाबांनी फोन लावला. सात पिढ्यांची रीत आहे, ती कशी सोडणार? म्हणाले, "अरे चवळीखाऊ, ऊठ, माझा बैल..." फोन बंद. परत लावला. परत बंद. तिसऱ्यांदा बाबा काय म्हणाले माहीत आहे? "लेका कुलिबाली, मी काय चुकलो? का रागावलास रे चवळीखाऊ?" आणि परत बंद. बाबा, तो आवाज मी नंतर ऐकला. अजून विसरलेलो नाही.

नियेलेबाई साडेआठला आल्या. तुटलेले फोन आधी ऐकायचे ही त्यांची सवय, कुणी सांगितलेली नाही. त्यांनी कानावरचा हेडफोन काढला, माझ्याकडे एकदा पाहिलं, डॉक्टरांना मागे बसवलं आणि कोलोबुगूपर्यंत चौदा किलोमीटर मोपेड पिटाळली. डॉक्टर सांगतात, वाटेतल्या खड्ड्यांपेक्षा बाईंच्या बडबडीची भीती जास्त वाटली. बैलाला तेल पाजलं, डॉक्टरांनी सुई टोचून वारा काढला, आणि बाईंनी अख्ख्या गावासमोर त्या बैलाला सुनावलं, "केइतांचा बैल ना तू? म्हणूनच एवढा हावरट!"

बैल वाचला. पण चौकशी लागली. सिसे साहेब, आपण आम्हा दोघांना बोलावलंत आणि विचारलंत, फोन कुणामुळे तुटले? मी तोंड उघडलं होतं, साहेब. खरंच उघडलं होतं. पण बाई आधी बोलल्या. "माझ्यामुळे. मीच त्या शब्दावर शिवी म्हणून खूण केली होती." ते खरं नव्हतं. त्यांनी त्या शब्दावर कधीच खूण केली नव्हती. ती यादी माझी होती.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणालो, मी आत जाऊन सांगतो. त्यांनी वाट अडवली. "घरच्या गड्यानं भांडं फोडलं तर बोलणी मालकिणीनं खायची असतात. तुझ्या पोरी लहान आहेत. थट्टेच्या नात्यानं मागते, मी नोकरीत आहे तोवर गप्प राहा." सांगा मंडळी, मी काय करणार होतो? नाही म्हणता येत नाही. ती यादी मी त्याच दुपारी पुसली. पण कागद फायलीत राहिला, आणि बढतीची जागा, खुणा करणाऱ्यांच्या प्रमुखाची, दुसऱ्याला मिळाली. बाई पाच वर्षं त्याच खुर्चीवर बसून खुणा करत राहिल्या. आणि रोज डब्यातली चवळी माझ्यासमोर ठेवून म्हणत राहिल्या, "घे, चोरून खाण्यापेक्षा बरं."

आज चार वाजता बाईंची नोकरी संपली. आता सव्वाचार झाले आहेत. मी मोकळा आहे.

सिसे साहेब, तो कागद माझ्या नावावर करा, किंवा फाडून टाका. कृपया दोन्हींपैकी एक आजच. आपण मान हलवलीत. सभागृहानं पाहिलं आहे, आता मागे फिरता येणार नाही!

एक खाजगी गोष्ट सांगून संपवतो. इतक्या लोकांसमोर हे बोलायचं म्हणून आज सकाळी मी आपल्याच फोनसेवेवर सराव केला. म्हणालो, "चवळीखाऊ, मी मोरीबा केइता. माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती." यंत्र म्हणालं, "केइताच्या हातून चूक झाली, यात नवल ते काय? जेवलास का? आणि बैल कसा आहे ते आधी सांग." बाई, हे शब्द त्याला आम्ही कुणी शिकवले नाहीत, सहा वर्षांच्या खुणांतून ते त्याच्यात मुरले. पण ते कुणाचे आहेत हे या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे. तुम्ही निघालात, आणि तुमचं बोलणं रोज तीनशे अंगणांत फोन उचलतंय. मला रडू येतंय, आणि एका कुलिबालीसमोर रडावं लागणं ही आमच्या घराण्याची मोठीच नाचक्की आहे.

सिरिमानबाबांनी बाईंसाठी एक पोतं आणलं आहे. त्यात काय आहे हे विचारू नका. आयोजकांनी मला संधी दिली, श्रोत्यांनी चिठ्ठीकडे दुर्लक्ष करू दिलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. सिसे साहेब, आपली क्षमा मागतो. बाबा, तुमची मागतो. कुलिबालीची क्षमा केइता मागत नसतो, आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितलेली नाही.

नियेलेबाई, मी तुमची मागतो. आजच्या दिवसापुरती.

आणि बैल बरा आहे. पोतं त्यानंच गाडीतून ओढून आणलंय, बाहेर दारात उभा आहे.