धुतलेली शेगडी

बहरीनमध्ये शेगडी दुरुस्त करायला कुणी बोलावलंय कधी तुम्हाला? मला बोलावलं. बुदैया भागातल्या व्हिलात राहणारे कर्णिकसाहेब, बँकेतले मोठे अधिकारी. त्यांनी इटलीहून खोली गरम करायची शेगडी मागवलेली, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. इथल्या वाळवंटातली कडाक्याची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे!

"कदम, संध्याकाळी आमचे चेअरमन जेवायला येतायत. ही पेटलीच पाहिजे."

उघडून बघतो तर गोळ्या भिजून लगदा झालेला, आणि गोळ्या पुढे ढकलणाऱ्या स्क्रूभोवती तो सिमेंटसारखा घट्ट बसलेला.

"साहेब, आत पाणी कसं गेलं?"

"पाणी? छे! मी फक्त धुतली."

"कशानं?"

"बागेच्या पाइपनं. केवढी धूळ बसली होती!"

एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण काय बोलणार? तीन तास खरवडलं, स्क्रू मोकळा केला, सगळं वाळवून कोरड्या गोळ्या भरल्या. पेटली एकदाची. चेअरमन दारात आले तेव्हा मी हत्यारं गोळा करत होतो. ज्वाळा बघून ते म्हणाले, "वा, ब्यूटिफुल!"

कर्णिकसाहेबांची छाती फुगली. पाचच मिनिटांत कपाळावरचा घाम पुसत माझ्या कानाशी आले.

"कदम, जाता जाता एसी अठरावर लाव."