सगळ्यात वाईट बिअरचं बक्षीस

हसा खुशाल, पण कधी थेंबही न चाखलेली मी हॉलंडमधल्या बेस्ट नावाच्या गावच्या बिअरवाल्यांना मनापासून मानते. दोन हजार पाच साली मी तिथे लेकाकडे, महेशकडे राहायला होते. तिथले काही डच लोक घरीच बिअर करायचे आणि दर महिन्याला गावातल्या एका हॉलमध्ये जमून एकमेकांची चाखायचे. महेश त्यांच्यात नवाच. डिसेंबरात वर्षाची शेवटची चाखणी होती. यानं काय करावं? थंडी म्हणून बिअरची बादली इडलीच्या पिठासारखी गोधडीत गुंडाळली, वर हीटरला टेकवली. सगळी नासली.

"आई, मी जात नाही. तोंड कसं दाखवू?"

"जसं आहे तसं दाखव. चल, मीही येते."

तिथे हेन्क नावाच्या म्हाताऱ्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि काहीतरी बोलला. महेशचा चेहरा पडला.

"काय म्हणाला रे?"

"ही त्याच्या बिअरहूनही वाईट आहे म्हणाला."

तोवर हेन्कनं आपल्याजवळचा बिअर ढवळायचा हातभर लांब लाकडी डाव महेशच्या हातात ठेवला. टाळ्याच टाळ्या!

"थट्टा करतात का तुझी?"

महेशनं शेजारच्याला विचारलं आणि हसायलाच लागला. "नाही गं. ज्याची बिअर सगळ्यात वाईट, त्याला पुढचं वर्षभर सगळे आपापल्या घरी ढवळायला बोलावतात. म्हणजे तो शिकतो."

महेश तिथे आल्यापासून तीन वर्षांत एकाही डच माणसानं त्याला घरी बोलावलं नव्हतं. आता एकेक जण डायरी काढून वार सांगत होता. गेलं वर्षभर तो डाव ज्याच्याकडे होता तो हेन्क तेवढा कुरकुरत होता, "मग मी आता रविवारी जाऊ कुठे?"

मी महेशला म्हटलं, "आपल्याकडे ये म्हणावं त्याला. गोधडी मी आवरून ठेवते."