हॅस्किनचं बटण

ओलेटा: पुन्हा सांग. कुठला हात गेलाय त्याचा?

रोवेना: उजवा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जीभही जड झालीय.

ओलेटा: उजवा. बरं झालं.

रोवेना: आई, आधी जेव. बीन्स गार होतायत.

ओलेटा: होऊ देत. ड्वेन हॅस्किन, कोंबड्यांच्या कारखान्यातला आमचा मुकादम, माझ्या पोरीपुढे बसून शर्टाचं बटण लावायला शिकतोय आणि मी बीन्स खाऊ? पहिल्यापासून सांग.

रोवेना: पहिल्या दिवशीच मी नाही म्हणायला हवं होतं. ओळखीचा पेशंट वाट्याला आला तर तसं सांगायचं, हे आम्हाला कॉलेजात सुरुवातीलाच शिकवतात. ट्रीनाने, म्हणजे हॉस्पिटलात आम्हा थेरपी शिकणाऱ्यांवर देखरेख करते तिने, नाव वाचलं आणि विचारलं, याला कोण घेतंय? मी म्हटलं, मी घेते.

ओलेटा: शाबास.

रोवेना: शाबास कसली? मी कशासाठी घेतला ते तुला कळतंय ना?

ओलेटा: न कळायला काय झालं? बोटं बधिर झाली तेव्हा मी त्याला विचारलं होतं, जरा नर्सकडे जाऊन येऊ का? सगळ्या बायकांसमोर, माझं नाव घेऊन म्हणाला, "पट्टा कुणासाठी थांबत नाही, ओलेटा." मग काय, पट्ट्यावरून येतील तशा कोंबड्या कापत राहिले. सुरी हातातून पडायला लागली तेव्हा त्यानेच गेटपर्यंत सोडलं. वर म्हणाला, घरी आराम कर.

रोवेना: आणि मी शाळेत जायच्या आधी तुझी वेणी घालायचे, हूक लावायचे. मला काय सांगतेस?

ओलेटा: तू काय केलंस ते सांग.

रोवेना: अशा पेशंटला आधी मोठ्या बटणांचा, ढगळ शर्ट देतात. नाहीतर बटण ओढून घ्यायला तारेचा आकडा देतात, म्हणजे एका हातानेही जमतं. मी त्याला कडक कॉलरचा, नवा कोरा शर्ट दिला. आकडा माझ्या खिशात होता. तो खिशातच ठेवला.

ओलेटा: मग?

रोवेना: मग काय. बटण बोटांतून निसटायचं, तो पुन्हा धरायचा. घाम फुटला. तोंडातून लाळ आली, ती पुसायला दुसरा हात उचलला तर मी म्हटलं, तो नाही, उजवा. मला म्हणाला, मिस, जरा मदत करा.

ओलेटा: तू नाही केलीस.

रोवेना: मी म्हटलं, "पट्टा कुणासाठी थांबत नाही, मिस्टर हॅस्किन."

ओलेटा: ...रडला का?

रोवेना: डोळे भरले त्याचे. मी तशीच उभी राहिले. आणि आई, त्याने बटण लावलं. वाकडंतिकडं, पण लावलं. ट्रीना दारात उभी राहून बघत होती. सगळ्यांना म्हणाली, हिच्याकडून शिका, बाकीचे लाड करून माणसाला पांगळं करतात. मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

ओलेटा: का?

रोवेना: मला त्याला छळायचं होतं. आणि तो बरा व्हायला लागला.

ओलेटा: छे.

रोवेना: रोज थोडा थोडा. काटा धरला. दाढी केली. मी जितकी कठोर वागायचे तितका तो सुधारायचा. शेवटी मी कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारलं, तिथे सगळ्या शाखांची पोरं एकत्र असतात. एका बाईची गोष्ट म्हणून सांगितली, माझी म्हणून नाही. हेतू वाईट आणि फळ चांगलं, तर त्या कामाला काय म्हणायचं? वेल्डिंग शिकणारा एक पोरगा म्हणाला, जोड टिकला ना, मग वेल्डर मनात शिव्या देत होता की देवाचं नाव घेत होता, कोण विचारतं? सगळे हसले.

ओलेटा: आणि तुमचे ते मास्तर?

रोवेना: अबर्नाथी सर नाही हसले. मला एवढंच विचारलं, त्याला बटण लावता आलंच नसतं, तर ती बाई तशीच उभी राहिली असती का?

ओलेटा: काय सांगितलंस?

रोवेना: वही उचलली आणि बाहेर पडले.

ओलेटा: मला सांग.

रोवेना: राहिले असते. संध्याकाळपर्यंत.

ओलेटा: माझी पोर आहेस.

रोवेना: थांब, अजून आहे. आज मी त्याला सांगितलं, मी कोण ते. म्हटलं, मी ओलेटा स्ट्रिकलिनची मुलगी.

ओलेटा: तोंड कसं झालं त्याचं?

रोवेना: कसंच नाही. म्हणाला, कोण ओलेटा?

(ओलेटा ताट पुढे सरकवते.)

ओलेटा: मेंदूच्या त्या झटक्याने विसरला असेल.

रोवेना: नाही. त्याला बाकी सगळं आठवतं, कारखाना, पट्टा, सुट्टीचा भोंगा. म्हटलं, कोंबड्यांची हाडं काढणाऱ्या बायकांत होती, हात गेले तिचे. तर म्हणाला, अशा पुष्कळ होत्या, मिस. आणि बटण लावायला लागला. कॉलरपर्यंत सगळी लावली. मग माझ्याकडे बघून हसला, शाबासकी मागितल्यासारखा.

ओलेटा: दिलीस?

रोवेना: मी तडक ट्रीनाकडे गेले. सगळं सांगून टाकलं, तू, कारखाना, खिशातला आकडा. म्हटलं, हा पेशंट माझ्याकडून काढून घ्या.

ओलेटा: काढून घ्या? अगं, हातात आलेला माणूस सोडून दिलास?

रोवेना: ट्रीना आधी चिडली. मग म्हणाली, स्वतःहून खरं सांगितलंस, कॉलेजात मी तुझी बाजू घेईन. वागणं मोठ्या मनाचं आहे, असंही म्हणाली.

ओलेटा: मोठं मन. आपल्याला काय करायचंय त्याचं? आता कोण शिकवणार त्याला?

रोवेना: कोल्बी. माझ्याच वर्गातला. फार मऊ आहे तो. पेशंटने नुसता उसासा टाकला तरी धावत जातो. बटणं स्वतः लावून देतो, घास भरवतो, बूट चढवतो. सगळ्या पेशंटांचा लाडका.

ओलेटा: अशाने हात सुधारतो का?

रोवेना: नाही. होता तोही राहत नाही.

ओलेटा: मग ट्रीनाने कोल्बीकडे का दिला?

रोवेना: तिने मला विचारलं, कुणाकडे देऊ. मी नाव सांगितलं.